यतीनच्या नावाआधी 'कै.' लावू नये

मी, लीलावती पुरुषोत्तम बर्गे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा हॉस्पिटलच्या किचनमध्ये नोकरी, मूळ गाव तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हल्ली राहणार लेस्टर, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या बोळात, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, मराठीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरीणबाईंकडून लिहून घेतलंय, कारण माझे दीर पुढं शंका काढणार हे मला माहीत आहे. मला कुणी धमकावलेलं नाही. कुणी गोड बोलून फसवलेलंही नाही. गोड बोलणारं या घरात आता कुणी उरलेलं नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वकिली भाषा जिथं चुकेल तिथं अर्थ बघावा. माझी मैत्रीण सुनेत्रा, आता ती नाही, तिची मुलगी आसावरी नॉटिंगहॅमला वकिलाच्या ऑफिसात आहे. ती याचं इंग्रजी करून घेणार आहे आणि माझ्या मागं सगळी व्यवस्थाही तीच बघणार आहे. इंग्रजी करताना तिनं माझे शब्द मऊ करू नयेत.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाला, काळजीचं कारण नाही. कारण नसतं तर त्यानं माझ्या एवढ्या सह्या घेतल्या नसत्या.

यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र या लिहिण्यानं रद्द समजावं. त्यात एकच ओळ होती, सगळं यतीनला. ती ओळ आता पुरत नाही.

१. घर. माझ्या नावावर एक घर आहे. दोन खोल्या वर, दोन खाली, मागं जरा अंगण. माझे मालक पुरुषोत्तम यांनी बसच्या गॅरेजमध्ये, आणि मी आधी मोज्यांच्या फॅक्टरीत व नंतर हॉस्पिटलच्या किचनमध्ये राबून ते फेडलं. मालक जाऊन सहा वर्षं झाली. घरावर कर्ज नाही. दिरांची एक पेनी त्यात नाही, हे मुद्दाम लिहिते.

हे घर कुणाला जाणार ते एकाच गोष्टीवर ठरतं. माझा मुलगा यतीन जिवंत धरायचा की मेलेला. दीड वर्षापूर्वी हैती नावाच्या देशात गुंडांनी त्याला रस्त्यावरून उचललं. तो परत आला नाही आणि त्याचं प्रेतही मिळालं नाही. त्याची बायको आणि अडीच वर्षांची मुलगी वरदा तिकडंच आहेत. आसावरी मला कायदा समजावायला आली होती. ती इथंच जन्मलेली, मराठी बोलते ती अशी, यतीनसारखीच.

"काकू, तुम्ही घर यतीनदादाला दिला आणि तो नाही आला, तर घर तसाच राहतो. लॉक्ड. सात वर्ष पण लागतील."

"आणि नाही दिलं तर?"

"तर रीझन द्यायला लागेल, नाहीतर तुमचे दीर चॅलेंज करतील. लिहायला लागेल की तो... यू नो."

"आय डोन्ट नो. बोल."

"की तो गेला."

"कुठं गेला?"

पोरगी रडायला लागली. मी तिला चहा करून दिला. पण तिचं म्हणणं मला कळलं. मुलगा जिवंत लिहिला तर नातीचं छप्पर अडकतं. मेला लिहिला तर आईनं लिहिला. हे मृत्युपत्र लिहायला मला पाच महिने लागले ते याच्यामुळं, शाळा कमी आहे म्हणून नाही.

२. यतीन तिकडं का गेला, हे इथं एकदा लिहून ठेवते, कारण दीर राहतात त्या हॅरोपासून लेस्टरपर्यंत प्रत्येकाकडं याची वेगळी गोष्ट आहे. कुणी म्हणतं पैशासाठी. कुणी म्हणतं बाईसाठी. यतीन नॉटिंगहॅमला हॉस्पिटलची मशिनं दुरुस्त करायचा. ऑक्सिजनची, जनरेटरची. हात बापाचा होता. चार वर्षांपूर्वी हैतीत मोठा भूकंप झाला तेव्हा एका चॅरिटीनं त्याला सहा आठवड्यांसाठी नेलं. सहा आठवड्यांचं काम झालं आणि हा तिथल्या एका हॉस्पिटलचा जनरेटर सोडून येईना.

मी फोनवर ओरडले, "इथली मशिनं काय आपोआप चालतात काय?"

"आई, इथला बंद पडला तर इथं माझ्यामागं दुसरा कोणी नाही. तिथं माझ्यामागं अकरा लोक आहेत."

त्या देशात तेव्हाच काही धड नव्हतं. राष्ट्रपतीला त्याच्या घरात शिरून गोळ्या घातल्या आणि त्यानंतर निवडून आलेला माणूस त्या खुर्चीत बसलाच नाही. मग शहराच्या गल्ल्या टोळ्यांनी वाटून घेतल्या. तुरुंग फोडले, विमानतळ बंद पाडला. यतीनची बायको म्हणते, आमच्याकडं साधी सुई बनत नाही, पण बंदूक पोराटोराकडं आहे, ती बोटीतून येते. बोटी कुठून सुटतात ते सगळ्यांना माहीत आहे. बोटी सुटतात त्या देशांत कायदा, कोर्ट, पोलीस सगळं आहे.

यतीन डिझेलची पिंपं घेऊन हॉस्पिटलकडं येत होता. दर चौकात कुठल्यातरी टोळीचा नाका. हप्ता द्यायचा आणि पुढं जायचं, ही तिथली रीत. त्या दिवशी सकाळीच एका टोळीनं दुसरीचा नाका जिंकला होता. जुन्यांना दिलेला हप्ता नव्यांनी मानला नाही. एवढंच. माझ्या मुलाचं कुणाशी भांडण नव्हतं.

३. हत्यारं. मालकांची पान्यांची पेटी जिन्याखाली आहे. अर्धे पाने यतीननं तिकडं नेले, उरलेले मी वर्षातून एकदा तेल लावून ठेवते. भाऊजींचा, म्हणजे दिरांचा, मुलगा हरीश ती पेटी "व्हिंटेज" म्हणून मागत होता, दिवाणखान्यात ठेवायला. त्याला देऊ नये. पेटी यतीनच्या बायकोला द्यावी. ती नर्स आहे, पण आता जिथं काम करते तिथला जनरेटर तीच सुरू करते. चालू होईना म्हणून एकदा तिनं मला व्हिडिओवर दाखवला. मी काय सांगणार? मी म्हटलं, यतीनचे बाबा आधी फिल्टर काढून बघायचे. तिनं काढला. त्यात चिखल होता.

४. दागिने. माझ्या दोन पाटल्या, मंगळसूत्र आणि कानातली कुडी यतीनची बायको मिरलांद हिला द्यावीत. मला मिरलांद आवडत नाही. तो वेगळा विषय आहे. आवडीनिवडीवर वाटप केलं तर या मृत्युपत्रात कुणालाच काही मिळणार नाही.

का आवडत नाही तेही लिहिते, म्हणजे तिला मागून कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको. ती आता राजधानी सोडून मुलीला घेऊन उत्तरेला तिच्या मावशीकडं राहते. दर रविवारी आम्ही व्हिडिओवर बोलतो. ती मला मामान म्हणते, म्हणजे आई. इंग्रजी दोघींचंही मोडकं, त्यामुळं आडपडदा ठेवायची सोय नाही.

"मामान, यतीन मेला."

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मग गप्प बस."

"मी तो रस्ता पाहिलाय, मामान. तू नाही पाहिला."

दर रविवारी हेच. मग ती वरदाला पुढं करते आणि आम्ही दोघी वरदाशी बोलतो, एकमेकींशी नाही. पण ही बाई खोटं बोलत नाही, आणि नवऱ्यासाठी जे करायचं ते तिनं केलं. तान्ही पोर पाठीला बांधून ती पोलीस स्टेशनला गेली. स्टेशनला दार नव्हतं. आत एक म्हातारा काचा झाडत होता. तो म्हणाला, साहेब लोक पळाले, कागद जळाले, तुझी तक्रार मला सांग, मी लक्षात ठेवतो. तिनं सांगितली. त्यानं नाव दोनदा म्हणून घेतलं. माझ्या मुलाची त्या देशात तेवढीच नोंद आहे, एका झाडूवाल्याच्या डोक्यात. तो तरी जिवंत असेल की नाही, देव जाणे.

५. माझे दीर श्री. मुरलीधर बर्गे, राहणार हॅरो, निवृत्त अकाउंटंट, आणि त्यांचा मुलगा हरीश, यांना माझ्या मालमत्तेतला चमचाही देऊ नये. हे कलम रागाच्या भरात लिहिलेलं नाही. राग येऊन आता बरेच दिवस झाले, हा जो आहे तो राग नाही.

यतीनला उचलल्यावर चौथ्या दिवशी माझा फोन वाजला. बोलणारा पोरगा अमेरिकेत वाढलेला, तिथून हाकललेला. स्वतःला कमांडर म्हणायचा. मला मदर म्हणायचा. किती मागितले ते लिहीत नाही. मी म्हटलं, मी किचनमध्ये भाज्या चिरते.

"मदर, घर आहे ना तुझं? इंग्लंडमध्ये? वीक."

"विकते. पण वेळ लागतो."

"किती?"

"तीन महिने. कधी चार."

तो हसायला लागला. दुसऱ्या कुणाला तरी त्यांच्या भाषेत सांगितलं, तोही हसला. "तीन महिने? मदर, आम्ही तीन तासांत अख्खी गल्ली रिकामी करतो."

खोटं नव्हतं ते. इथं मी त्याच दिवशी एजंटकडं गेले. तो कॉम्प्युटरचा उंदीर हलवत बसला होता. म्हणाला, सर्व्हे, सर्च, वकील, आणि घेणाऱ्याचं आधीचं घर विकलं जाईपर्यंत थांबायचं, चेन असते. मी म्हटलं, माझा मुलगा बांधून ठेवलाय. तो म्हणाला, आय ॲम सो सॉरी, आणि मला बिस्किट दिलं. एक देश असा की तिथं विचारायला कुणी नाही. एक देश असा की इथं विचारायला एवढी माणसं, की तुमचा नंबर येईपर्यंत पोरगा जातो. चॅरिटीनं एक बोलणी करणारा साहेब नेमला होता. तो रोज मला सांगायचा, लीला, स्लोली, स्लोली.

एकदाच यतीनला फोनवर आणलं. मी रडले नाही. वेळ कमी होता.

"आई, मी ठीक आहे. जेवतो. भात असतो, बीन्स घालून."

"मीठ असतं का?"

"असतं. आई, ऐक. मराठीत बोलतो, यांना कळत नाही. घर विकायचा नाही. वरदाला लागेल तो."

"तू मध्ये बोलू नकोस. मी बघते काय विकायचं ते."

"आई, प्लीज."

कमांडरनं फोन ओढून घेतला. "काय म्हणाला तो?"

"भूक लागली म्हणाला."

"खोटं. भूक लागली की माणूस असा बोलत नाही."

तरी मी घराला 'विकणे आहे'ची पाटी लावली. बघायला लोक आले. एक बाई कपाटं उघडून वास घेऊन गेली. बोलणी चालू होती. यतीन जिवंत होता, हे पक्कं, कारण मी स्वतः आवाज ऐकला होता.

आता भाऊजींचं काम. तिथल्या कुठल्यातरी रेडिओवर बातमी आली की एका परदेशी माणसाचं प्रेत रस्त्यात मिळालं. भाऊजींनी ती इंटरनेटवर वाचली. हॅरोहून लेस्टरला फोन लागतो. त्यांनी तो लावला नाही. त्यांनी यतीनचा पदवीचा फोटो काढला, हरीशनं त्याला कॉम्प्युटरवर झेंडूचा हार घातला, आणि महाराष्ट्र मंडळाच्या फेसबुकच्या पानावर टाकला. "आमचा लाडका पुतण्या कै. यतीन याचे दुःखद निधन." खाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली. एकानं लिहिलं की बाकीचे तेच उचलून खाली चिकटवतात, वाचतसुद्धा नाहीत. एकानं माझ्याच मुलाला वाढदिवसाच्या केकचं चित्र पाठवलं, मग पुसलं. मी तेव्हा कामावर कांदे चिरत होते. माझी सोबतीण डोरीन, हिला कुणीतरी ते सांगितलं होतं, ती धावत आली आणि मला मिठी मारायला लागली. मी म्हटलं, का गं बाई, काय झालं?

ते प्रेत दुसऱ्याच माणसाचं होतं. मिरलांद स्वतः जाऊन बघून आली. मी भाऊजींना फोन केला.

"मला विचारायचं तरी होतं."

"वहिनी, तुम्हाला धक्का बसला असता."

"माझ्या पोराची बातमी मला सोडून सगळ्यांना?"

"वहिनी, लोक विचारत होते. मंडळात आपली एक पोझिशन आहे. उशिरा टाकलं तर बरं दिसत नाही."

फोटो उतरवला. पण यतीनचा फोन कमांडरकडं होता, आणि त्या टोळ्यांची पोरं दिवसभर फोनमध्येच असतात. दुसऱ्या दिवशी कमांडरचा फोन आला. आवाज शांत होता. मला त्या आवाजाची भीती वाटली, आधीच्या ओरडण्याची नव्हती वाटली.

"मदर, तुझ्या लोकांनी त्याला फुलं घातली. लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण फुलं कळतात."

"ती चूक आहे. वेडी माणसं आहेत आमची. त्याला फोन दे."

"तुम्ही रडून झालात. आता पैसे कोण देणार? मेलेल्याचे कुणी देतं?"

"मी देते. घराला गिऱ्हाईक आलंय. तू त्याला फोन दे."

"मदर, तू चांगली बाई आहेस," असं म्हणाला आणि ठेवला. त्यानंतर तो नंबर लागला नाही. माझ्याजवळ तो अजून आहे. लागत नाही.

भाऊजी म्हणतात, त्या फोटोचा काही संबंध नाही, मारायचं होतं त्यांनी मारलंच असतं. असेल. हे त्यांना ठाऊक नाही आणि मलाही ठाऊक नाही. फरक एवढाच की त्यांना रात्री झोप येते. त्यांनी नंतर सुचवलं की घर हरीशच्या नावावर करावं, तो "त्या मुलीचं काय असेल ते बघेल." त्या मुलीचं नाव वरदा आहे. ते त्यांनी आजतागायत तोंडातून काढलेलं नाही.

६. बँकेत असेल ते सगळं वरदाला इकडं आणण्यासाठी खर्च करावं. यतीन लेस्टरला जन्मला, म्हणून वरदा जन्मानंच ब्रिटिश आहे. हे सगळे मान्य करतात. फक्त ती यतीनची मुलगी आहे हे कुणी मान्य करत नाही, कारण जन्माची नोंद ज्या कचेरीत होती ती जळाली आणि लग्न ज्या चर्चमध्ये लागलं तिथं आता टोळीची माणसं राहतात. पासपोर्टच्या कचेरीत टेबलापलीकडली एक मॅडम मला म्हणाली, दुसरी प्रत मागवा. मी विचारलं, कुणाकडून? ती म्हणाली, संबंधित कार्यालयाकडून. मी म्हटलं, बाई, कार्यालयाची राख आहे, राखेची प्रत कशी काढतात?

आजी आणि मुलाकडची नात यांचं रक्तावरून जुळवता येतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा नमुना मी देऊन ठेवलाय. मी मेले तरी तो चालतो. वरदाचा नमुना शेजारच्या देशात जाऊन द्यावा लागणार आणि तिथली सरहद्द हैतीच्या लोकांसाठी बंद आहे. वाट काढायची ती आसावरीनं काढावी. पैसे संपले तर घरातली एक खोली भाड्यानं द्यावी. घर विकू नये.

७. किरकोळ. महाराष्ट्र मंडळाकडं माझी तीन मोठी पातेली आणि एक झारा आहे, गणपतीच्या प्रसादासाठी नेलेली. ती परत आणावीत आणि गुरुद्वाऱ्याच्या लंगरला द्यावीत. मंडळानं पावती मागितली तर हे कलम दाखवावं. चॅरिटीनं यतीनच्या नावाची एक काचेची ढाल पाठवली, तिच्यावर त्याच्या धैर्याबद्दल लिहिलंय. ती मी शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागं ठेवली आहे. ती वरदाला दाखवू नये. बापाची बढाई ऐकून पोट भरत नाही. कढीपत्त्याची कुंडी थंडीत आत घ्यावी. मेली तर मेली, पण बाहेर ठेवून मारू नये.

८. माझं आणि यतीनचं शेवटचं. भाऊजी दर महिन्याला फोन करून एकच म्हणतात.

"वहिनी, पुतळा जाळून घेऊ. त्याच्या आत्म्याला गती नाही."

प्रेत मिळालं नाही की आपल्यात दर्भाचा माणूस करतात. डोक्याला नारळ, अंगाला पळसाची पानं. सगळे विधी त्याच्यावर करून तोच जाळतात. मग तो माणूस मेला. श्राद्ध चालू करता येतं. भाऊजी एकदा भटजींना घेऊनच आले. मी विचारलं, इथं पळस कुठून आणणार? भटजी म्हणाले, पत्रावळ्या मिळतात दुकानात, त्या उसवून पानं घेऊ. माणूस सरळ आहे, भाऊजींसारखा नाही. मी त्यांना विचारलं, "आणि पुतळा जाळल्यावर पोरगा दारात उभा राहिला तर?"

भाऊजी म्हणाले, "वहिनी, काहीतरीच काय."

भटजी म्हणाले, "त्याचीही सोय आहे, ताई. त्याला तुपानं न्हाऊ घालायचं आणि तो नव्यानं जन्मला असं धरायचं. जन्माचे संस्कार परत, बारसं परत. बायकोशी लग्नसुद्धा परत."

"आणि किती दिवस वाट बघून पुतळा करायचा, असं लिहिलंय?"

"बारा वर्षं. पण हल्ली एवढं कुणी थांबत नाही."

इंग्रजांचा कायदा सात वर्षं थांबतो. शास्त्र बारा वर्षं थांबतं. मंडळाला दुपारच्या चहापर्यंत धीर निघाला नाही.

तर माझा निर्णय असा. मी जिवंत आहे तोवर यतीन जिवंत आहे. तोवर त्याच्या नावाआधी कुणी 'कै.' लावू नये. पत्रिकेत नाही, मंडळाच्या दिवाळी अंकात नाही, बोलतानासुद्धा नाही. कोर्टात जाऊन तो मेला असं मी सांगणार नाही आणि माझ्याकडून कुणी सही घेऊ नये. मी ज्या दिवशी मरेन, पुढच्या आठवड्यात टेबलावर किंवा वीस वर्षांनी अंथरुणात, त्या दिवशी तोही गेला असं धरावं. भटजींनी तेव्हा पुतळा करावा आणि माझ्याच पेटीत, माझ्या उजव्या बाजूला ठेवावा. क्रिमेटोरियमवाल्यांनी विचारलं तर गवत आहे म्हणून सांगावं. बटण एकदाच दाबावं. भटजी म्हणाले, असं शास्त्रात नाही. मी म्हटलं, हैतीही शास्त्रात नाही. ते करतो म्हणाले.

त्याच दिवसापासून हे घर वरदाचं. यतीनच्या वाटणीसाठी एक दिवसही थांबू नये. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत आसावरीनं घर सांभाळावं आणि मिरलांदला हवं तोवर तिला तिथं राहू द्यावं. कोर्टाचा कागद करायचा तो त्यानंतर मिरलांदनं करावा. दर रविवारी मला जे सांगते तेच तिनं जज्जाला सांगावं. तिच्याबद्दल माझी तक्रार राहणार नाही.

आणि पुढं कधी तो दारात आलाच, तर त्याला आत घ्यावं. प्रश्न विचारण्याआधी जेवायला वाढावं, भात सोडून काहीही. घर वरदाचंच राहील, ते त्यानंच मला सांगितलंय. मग भटजी सांगतील तसं सगळं रीतसर नव्यानं करावं. तूप कमी पडू देऊ नये. मिरलांदला परत लग्न करायचंय का ते तिला विचारावं, गृहीत धरू नये. पाळण्यात तो मावायचा नाही, खुर्चीत बसवावा. त्याला आत्या नाही, म्हणून कानात नाव वरदानं सांगावं. नाव यतीनच ठेवावं.

वर लिहिलेलं मी दोनदा वाचलं. दोन जागी खाडाखोड आहे, तिथं शेजारी माझी सही आहे. खालच्या दोघींनी मला सही करताना आणि मी त्यांना सही करताना एकाच वेळी पाहिलं. ज्यांना यातलं काही मिळणार नाही अशीच माणसं साक्षीला चालतात, असा इथला कायदा आहे. माझ्या ओळखीत तशी भरवशाची दोनच निघाली. मराठी दोघींनाही वाचता येत नाही. काय लिहिलंय असं त्यांनी विचारलं नाही, हेही इथं नोंदवते.

सही: लीलावती पुरुषोत्तम बर्गे

साक्षीदार
१. डोरीन क्लार्क, हॉस्पिटल किचन, सही
२. नीना ठकरार, शेजारीण, सही

स्थळ: लेस्टर
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५